डिस्क बदलणारा माणूस समोर ठेवून: एका वाचनालयाच्या सर्व्हरचं प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. ब वर्गातलं, शासनाच्या अनुदानावर चालणारं. पगारी माणसं मोजकीच: ग्रंथपाल मॅडम, एक लिपिक, एक शिपाई. पुस्तकांची देवघेव कोहा या मुक्त प्रणालीवर होते. कोहा लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतं, म्हणून सर्व्हरवर डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार. त्याच सर्व्हरवर स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव अंक, जुनी मासिकं आणि हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या यांची स्कॅन केलेली पानं साठत चालली होती. आणि हे सगळं एकाच हार्डडिस्कवर. कार्यवाहांची मागणी साधी होती: डिस्क गेली तरी वाचनालय बंद पडायला नको.

मागणी एक असली तरी गरजा दोन होत्या आणि त्या सुरुवातीलाच वेगळ्या करणं भाग होतं. देवघेवीला हवं होतं सातत्य. सकाळी दार उघडल्यावर सभासद खिडकीपाशी येतो, त्याचं पुस्तक जमा झालं पाहिजे. स्कॅनला हवं होतं जतन. एखादा अंक चार दिवस उघडता आला नाही तरी चालेल, पण तो कायमचा जाता कामा नये, कारण त्यातल्या काही अंकांची दुसरी प्रत कुठेच नसणार. जोडीच्या डिस्क, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी ज्यांच्यावर लिहिला जातो अशा दोन डिस्क, पहिली गरज भागवतात, दुसरी नाही. कुणी चुकून एखादं फोल्डर पुसलं तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसलं जातं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चालू डेटाबेसची डिरेक्टरी एका कर्मचाऱ्याच्या हातून पुसली गेली आणि बॅकअपच्या अनेक व्यवस्था नेमक्या तेव्हाच निकामी असल्याचं लक्षात आलं. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. हे उदाहरण मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितलं आणि दोन स्वतंत्र खर्च मंजूर करून घेतले: सर्व्हरमध्ये जोडीच्या डिस्क आणि सर्व्हरबाहेर बॅकअपच्या डिस्क. फक्त पहिल्या खर्चाला मंजुरी मिळाली असती तर मी काम हातात घेतलं नसतं.

जागा किती लागेल याचा हिशेब पानावरून केला. ए-४ आकाराचं पान ४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४०० ठिपक्यांनी, रंगीत स्कॅन केलं की साधारण ३३०८ गुणिले ४६७६ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर न दाबलेली टिफ फाइल सुमारे ४६ एमबीची. २० हजार पानं म्हणजे एक टीबीला थोडं कमी. पुढची काही वर्षं धरून वापरायला ४ टीबी पुरेसे ठरत होते.

कोणती मांडणी

अनेक डिस्क एकत्र बांधून एकच असल्यासारख्या वापरण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. त्यासाठी स्थानिक विक्रेत्याने दोन पर्याय सुचवले होते. एक म्हणजे मदरबोर्डच्या बायोसमध्येच असलेलं रेड, दुसरा म्हणजे वेगळं रेड कार्ड. दोन्ही मी नाकारले, आणि कारण एकच. बोर्ड किंवा कार्ड पाच वर्षांनी जळालं तर तसंच दुसरं तालुक्याच्या गावी कुठून आणायचं? कार्ड स्वतःच्या पद्धतीने डिस्कवर खुणा लिहितं. बहुतेक वेळा त्या वाचायला त्याच जातीचं कार्ड लागतं. लिनक्सच्या कर्नलमधलं (म्हणजे गाभ्यातलं) एमडी हे सॉफ्टवेअर रेड या बाबतीत फार उदार आहे. डिस्क काढा, कोणत्याही लिनक्स मशीनला जोडा, एमडीएडीएम ही आज्ञा खुणा ओळखून ॲरे, म्हणजे डिस्कचा बांधलेला संच, पुन्हा उभा करते. चिप कुणाची, बोर्ड कोणता, याच्याशी तिला देणंघेणं नाही. देवघेव आणि स्कॅन एवढ्या कामाला कार्डाच्या जादा वेगाची गरजही नव्हती.

मग रेडची पातळी कोणती? रेड १ म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. रेड ५ मध्ये डेटा तीन किंवा अधिक डिस्कवर विभागला जातो आणि एक डिस्क गेली तर तो परत काढता यावा म्हणून पॅरिटी ही जोडमाहिती सोबत लिहिली जाते. २ टीबीच्या तीन डिस्क घेऊन रेड ५ केलं तरी ४ टीबी मिळतात आणि ४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन रेड १ केलं तरी तेवढेच. रेड या कल्पनेचा पाया घालणारा शोधनिबंध अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली मांडला. त्यातला एक मुद्दा आजही खरेदीच्या वेळी विसरला जातो: डिस्कची संख्या वाढली की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. तीनपेक्षा दोन बऱ्या, हे पहिलं कारण.

दुसरं कारण वीज. रेड ५ मध्ये डेटा आणि त्याची पॅरिटी वेगवेगळ्या डिस्कवर लिहिली जाते. दोन्ही लिहून व्हायच्या आत वीज गेली तर त्यांचा मेळ बसत नाही आणि पुढे डिस्क बदलताना त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचा डेटा तयार होऊ शकतो. त्यावर जर्नलचा, म्हणजे लेखन आधी वेगळ्या जागी नोंदवण्याचा, उपाय आहे, पण त्यासाठी आणखी एक उपकरण सांभाळावं लागतं. मार्च ते मे या काळात दुपारी वीज किती वेळा जाते ते मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रेड १ मधली प्रत्येक डिस्क ही पूर्ण प्रत असते. बाकी सगळं कोसळलं तरी एक डिस्क उचलून सोलापूरला कुठल्याही जाणकाराकडे नेता येते. रेड ५ मधली एकटी डिस्क नेऊन काही उपयोग नाही.

झेडएफएस या फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) विचारही गांभीर्याने केला होता. ते प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतं, त्यामुळे दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे त्याला कळतं. एमडीला हे कळत नाही. ते फक्त फरक मोजतं. पण डेबियनमध्ये झेडएफएस परवान्याच्या अडचणीमुळे कर्नलबाहेरचं मॉड्यूल म्हणून बसतं आणि कर्नल अद्ययावत झाला की ते पुन्हा बांधावं लागतं. जिथे रोज लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ नाही तिथे हे मला नको होतं. एमडी आणि त्यावर ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, ही जोडी ओळखीची आहे, जिल्ह्यात कुणीही लिनक्स जाणणारा ती हाताळू शकतो. चेकसमची उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढली, ते पुढे येईल.

खरेदी आणि उभारणी

दोन डिस्क मुद्दाम दोन कंपन्यांच्या घेतल्या, दोन दुकानांतून. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या, सारखंच काम केलेल्या डिस्क बिघडायच्याही जवळपास एकाच वेळी, आणि जोडीला तेच सर्वात घातक. डिस्क सीएमआर पद्धतीच्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या, आहेत ना, हे उत्पादकाच्या तक्त्यात मॉडेल क्रमांक शोधून पाहिलं. एसएमआर पद्धतीत पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. सलग मोठं लेखन आलं की अशी डिस्क मंदावते आणि ॲरेची पुनर्बांधणी रखडते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (इंग्रजीत लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि कंपनीला तसं जाहीर करावं लागलं. तेव्हापासून नावावर न जाता मॉडेल तपासण्याची सवय लागली आहे. तिसरी, तशाच मापाची डिस्क त्याच वेळी घेतली आणि कपाटात ठेवली. ऐन वेळी पुण्याहून डिस्क मागवायची तर ॲरे आठवडाभर एका पायावर उभा राहणार.

नव्या डिस्क आधी पूर्ण लिहून आणि वाचून तपासल्या, स्मार्टची, म्हणजे डिस्कमधल्याच स्वतःच्या तपासणी यंत्रणेची, लांब चाचणी घेतली. नवी डिस्क बिघडायची असेल तर ती टेबलावर बिघडलेली बरी.

पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा मोकळी सोडली. ४ टीबी असं लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क सेक्टर मोजले तर तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही, आणि बदली डिस्क जराशी लहान निघाली तर एमडी ती घेत नाही. प्रत्येक डिस्कवर तीन भाग: सुरुवातीला मशीन सुरू होताना लागणारा ईएफआयचा छोटा भाग, मग प्रणालीसाठी एक आणि उरलेला डेटासाठी. शेवटच्या दोघांचे दोन वेगळे मिरर, म्हणजे रेड १ च्या जोड्या, केले.

ईएफआय भागाची गोष्ट वेगळी आहे आणि अनेक मांडण्या तिथेच अडतात. मशीन सुरू होताना फर्मवेअरला, म्हणजे बोर्डातच भरलेल्या प्रोग्रामला, एमडी माहीत नसतं. ते फॅट मांडणीचा साधा भाग शोधतं. तो एकाच डिस्कवर असेल आणि नेमकी तीच गेली, तर दुसऱ्या डिस्कवर सगळा डेटा सुखरूप असूनही मशीन सुरूच होत नाही. म्हणून ग्रब हा लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम दोन्ही डिस्कच्या ईएफआय भागांत स्वतंत्र बसवला, शिवाय फर्मवेअर स्वतःहून शोधतं त्या ठरावीक मार्गावरही त्याची प्रत ठेवली, कारण काही बोर्ड बूटच्या नोंदी विसरतात. मग एकेका डिस्कची केबल काढून दोन्ही बाजूंनी मशीन सुरू होतं का ते पाहिलं. दुसरी डिस्क काढायच्या आधी पहिली परत जोडून, मिरर पूर्ण जुळल्याची खात्री करूनच. दोन्ही डिस्क आळीपाळीने एकट्या चालवल्या आणि दोन्हींवर वेगवेगळं लेखन झालं तर त्या दोन वेगळ्या सत्यांच्या प्रती होतात, आणि त्यातली एक पुसूनच जोडी पुन्हा जमवावी लागते.

ॲरे तयार करण्याची आज्ञा एका ओळीची आहे. त्यानंतरच्या दोन पायऱ्या मात्र टाळू नयेत. ॲरेची नोंद एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये घालायची आणि इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चढणारी छोटी प्रणाली, नव्याने बनवायची. नाहीतर पुढच्या वेळी एमडी० ऐवजी एमडी१२७ असं नाव दिसतं आणि पाहणारा घाबरतो. एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीतही उपकरणाचं नाव न लिहिता यूयूआयडी हा कायमचा ओळखक्रमांक लिहिला. राइट-इंटेंट बिटमॅप, म्हणजे कोणत्या भागांवर लेखन चालू होतं याची नोंद, आहे ना, तेही पाहून घेतलं. वीज अचानक गेली तर त्यामुळे सगळे ४ टीबी न जुळवता फक्त शेवटी हात लागलेले भाग जुळवावे लागतात. पूर्ण जुळवणीला, सेकंदाला १५० एमबी धरले तर, साडेसात तास जातात.

आणखी एक सेटिंग आहे ज्याच्यामुळे धडधाकट डिस्क ॲरेबाहेर फेकल्या जातात. खराब सेक्टर लागला की साधी डेस्कटॉप डिस्क तो वाचण्याचा प्रयत्न मिनिट-दोन मिनिटं करत राहू शकते. लिनक्स मात्र मुळात ३० सेकंदच वाट पाहतं. त्यानंतर ते डिस्कचा संपर्क तोडून पुन्हा जोडतं आणि या गोंधळात एमडी तिला बाद करतं. नॅस, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या यंत्रांसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात. मग एमडी तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून वाचून पहिलीवर पुन्हा लिहितं, आणि बाहेर कुणाला कळतही नाही. आपल्या डिस्कवर ही मर्यादा चालू आहे का ते स्मार्टच्या आज्ञेने तपासलं, आणि भविष्यात कुणी साधी डिस्क लावलीच तर तिच्यासाठी कर्नलची मुदत १८० सेकंद होईल असा नियम घालून ठेवला.

बिघाड कळणार कुणाला

ॲरे उभा करायला एक संध्याकाळ पुरते. मिररचा स्वभाव असा की एक डिस्क गेली तरी तो काही बोलत नाही, काम चालूच राहतं. देवघेव सुरू, स्कॅन उघडतायत, सगळे खूश. आणि काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते. मिरर असूनही डेटा गेल्याच्या ज्या कहाण्या ऐकल्या आहेत त्यातल्या बहुतेक अशाच आहेत.

एमडीएडीएमचा मॉनिटर ईमेल पाठवतो. पण वाचनालयाचा ईमेल कोण उघडतं? जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचं पत्र अपेक्षित असेल तेव्हाच. मला पाठवला तर तो माझ्यावर अवलंबून, आणि मी कायम असणार नाही. म्हणून मॉनिटरला ईमेलच्या जोडीला एक छोटी स्क्रिप्ट दिली. बिघाड झाला की ती देवघेव खिडकीजवळच्या प्रिंटरवर एक कागद छापते. मराठी अक्षरं छापताना बिघडू नयेत म्हणून दोन पीडीएफ आधीच तयार करून ठेवल्या, एक ‘डिस्क अ बिघडली आहे’ आणि दुसरी ‘डिस्क ब बिघडली आहे’. कोणती छापायची ते स्क्रिप्ट अनुक्रमांकावरून ठरवते. डेबियन रोज एकदा ॲरेची तपासणी करतंच, त्यामुळे डिस्क बदलेपर्यंत रोज नवा कागद निघतो. कागद शिपायाच्या हातात पडतो, तो मॅडमच्या टेबलावर जातो. सरकारी धाटणीच्या संस्थेत कागदाला उत्तर द्यावंच लागतं.

डिस्कवर आणि कप्प्यावर अ, ब अशा मोठ्या चिठ्ठ्या लावल्या, खाली अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक. तेच अंक जडवस्तू संग्रह नोंदवहीत. एका डिस्कवर चाललेल्या मिररमधून घाईत चांगली डिस्क उपसली जाणं, हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात मोठा धोका आहे. लिनक्समधल्या एसडीए, एसडीबी या नावांवर तर अजिबात विसंबू नये. मशीन पुन्हा सुरू झालं की ती अदलाबदल होऊ शकतात.

मग तालीम केली. ती मॅडमनी केली, मी बाजूला उभा राहिलो. मशीन बंद करून एक केबल काढली, पुन्हा सुरू केलं, कागद छापला गेला. कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणे त्यांनी पुढच्या पायऱ्या केल्या. पहिल्या मसुद्यात ‘ॲरेची स्थिती पाहा’ असं होतं. मॅडमनी विचारलं, ‘पाहा म्हणजे कुठे, आणि काय दिसलं पाहिजे?’ त्यावरून ते वाक्य बदललं: चौकोनी कंसात दोन यू दिसले तर दोन्ही डिस्क ठीक, एका यूच्या जागी आडवी रेघ दिसली तर एक डिस्क बाहेर आहे. असे अनेक प्रश्न त्यांनी विचारले आणि कागद त्यांच्या भाषेत आला. या कामातला सर्वात मोलाचा भाग तोच होता असं मी मानतो.

नवी डिस्क जोडण्याची स्क्रिप्ट मुद्दाम हट्टी बनवली. डिस्कवर कसलंही पार्टिशन असेल तर ती पुढे जात नाही. अनुक्रमांक चालू ॲरेतला असेल तर पुढे जात नाही. सगळं ठीक असेल तर पार्टिशनचा तक्ता चांगल्या डिस्कवरून उतरवते, त्याला नवे ओळखक्रमांक देते, दोन्ही मिररना भाग जोडते आणि ग्रब बसवते.

प्रत्यक्ष बिघाड

दुसऱ्या पावसाळ्यात तो आला. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्क पूर्ण वाचून तपासतं. त्या तपासणीनंतर डिस्क ब च्या स्मार्टमध्ये १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे न वाचता येणारे पण अजून बदलायचे सेक्टर, शून्यावरून वर गेला. १९९ हा, डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा वाढला असता तर आधी केबलवर संशय घेतला असता. पुढच्या काही दिवसांत आकडा वाढत राहिला आणि एका सकाळी एमडीने डिस्क बाद केली. कागद छापला गेला.

मॅडमनी सर्वात आधी बॅकअप पाहिला. कागदावर पहिली पायरी तीच होती, कारण पुनर्बांधणी होईपर्यंत सर्व्हरमध्ये एकच प्रत असते आणि त्याच तासांत ती डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते. मग मशीन बंद, ब चिठ्ठीची डिस्क बाहेर, कपाटातली आत. स्क्रिप्ट चालवल्यावर त्यांनी मला फोन केला तो फक्त टक्केवारी पुढे सरकतेय एवढं सांगायला. दुपारची देवघेव त्या मशीनवरच झाली. एमडी चालू कामाला वाट करून देतं आणि पुनर्बांधणीचा वेग आपोआप कमी करतं. रात्री कधीतरी दोन्ही यू परत आले.

बाद झालेली डिस्क वॉरंटीत होती. पण तिच्यावर सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर होते आणि ती नीट पुसलीही जात नव्हती. कार्यकारिणीने ती परत न पाठवता नोंदवहीतून निर्लेखित करून फोडून टाकायचं ठरवलं. पैशांचं नुकसान झालं. निर्णय योग्य होता. त्याच ठरावात कपाटासाठी नवी राखीव डिस्क मंजूर झाली.

बिघाडाचं कारण नक्की सांगता येणार नाही, पण मशीनची जागा आम्ही बदलली. धुळीपासून वाचावं म्हणून ते लोखंडी कपाटात, दार लावून ठेवलेलं असायचं आणि उन्हाळ्यात डिस्कचं तापमान ५० अंशांपुढे जात होतं. उत्पादकाची मर्यादा साधारण ६० असते, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता ते उघड्या फळीवर आहे, पुढे जाळी आहे आणि ती शिपाई दर शनिवारी झाडतो. यूपीएस यूएसबीने जोडलेला आहे. बॅटरी उतरली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

जतनाची बाजू

बॅकअपच्या दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक वाचनालयात, एक कार्यवाहांच्या घरी, दर सोमवारी अदलाबदल. कोहाचा डेटाबेस रोज रात्री वेगळ्या फाइलमध्ये उतरवला जातो आणि जुन्या प्रती ठरावीक काळ राहतात. दर तिमाहीला मॅडम यादीतून एक अंक निवडतात, तो बॅकअपवरून परत आणून उघडून पाहतात आणि वहीत सही करतात.

झेडएफएस न घेतल्यामुळे राहिलेली उणीव इथे भरली. स्कॅनचं प्रत्येक फोल्डर पूर्ण झालं की त्यातल्या सगळ्या फाइलींचे शा-२५६ चेकसम काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवतात. स्कॅन एकदा झाला की बदलत नाही, त्यामुळे चेकसम जुळला नाही तर ती फाइल बिघडली हे निश्चित, आणि तिन्ही ठिकाणच्या प्रतींपैकी खरी कोणती हेही कळतं. देवघेवीच्या सतत बदलत्या डेटाबेसला ही पद्धत लागू पडत नाही. तिथे रोजच्या उतरवलेल्या प्रतींवरच भिस्त आहे.

स्कॅनचा वेग वाढल्याने ४ टीबी आता भरत आले आहेत. पुढचं काम ८ टीबीच्या डिस्कचं. एमडीची बदलण्याची आज्ञा इथे वापरायची आहे, बाद करण्याची नाही: जुनी डिस्क ॲरेत असतानाच नवी जोडून तिच्यावर प्रत करता येते, म्हणजे मधल्या तासांतही जोडी तुटत नाही. बोर्डावर साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या, चार जागा आहेत, त्यातल्या दोन यासाठीच मोकळ्या ठेवल्या होत्या. दोन्ही डिस्क बदलल्या की डेटाचं पार्टिशन, मग ॲरे, मग फाइलसिस्टिम, या क्रमाने वाढवायचं. पण त्याआधी बॅकअपच्या दोन्ही डिस्क ८ टीबीच्या घ्याव्या लागतील, आणि यंदाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ मॅडमनी त्यांचीच घातली आहे.